तीन नंबरचा सिलिंडर

२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात, बाकी तक्रार नाही. तुमच्या डेपोत नव्या बस आल्या असं कानावर आलं. मुलीची परीक्षा कशी झाली?

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू दचकशील. काही वाईट घडलेलं नाही. कामातली एक शंका आहे, तेवढ्यासाठी लिहितोय.

गॅरेजपासून तीन गल्ल्या सोडून एक डॉक्टरीणबाई राहतात. लहान मुलांच्या डॉक्टर, आता निवृत्त. त्यांची जुनी मोटार आहे, इंजिन मागे, हवेवर थंड होणारं. आठवड्यातून दोनदा त्या डोंगरावरच्या दवाखान्यात मुलं तपासायला जातात. चढावर गाडी धापा टाकते आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खातात. मी म्हटलं, "बाई, आता नवी गाडी घ्या." त्या म्हणाल्या, "मलाही लोक नवा मेकॅनिक घ्या म्हणतात."

मग काय, टर्बो बसवायचं ठरलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या वायूवर चाक फिरवायचं आणि त्या चाकाने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, सांगायला सोपं. पण पाणी नसलेल्या इंजिनाला ती जास्तीची उष्णता टाकायला जागा कुठे? म्हणून सिलिंडरखाली चकत्या घालून कॉम्प्रेशन उतरवलं. मोठा ऑइल कूलर बसवला, त्याला वेगळा पंखा दिला. हवेचा दाब अगदी बेताचा ठेवला. सात आठवडे लागले. काम देखणं झालंय, तू बघितलं असतंस तर नावं ठेवायला जागा नव्हती.

शंका अशी, की स्पार्कचं टायमिंग तू किती मागे घेतलं असतंस? बाई म्हणतात, चढावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मी दोनदा शेजारी बसून गेलो. मला काही ऐकू आला नाही. जुना पत्रा वाजत असणार. तरी सवडीने कळव.

तुझा दादा


१९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. "खडे वाजत असतील तर ते नॉकिंग आहे, पिस्टन जाईल. गाडी रस्त्यावर काढू देऊ नकोस." एवढंच होतं, खाली सहीसुद्धा नाही.

कार्ड मंगळवारी आलं. गाडी गुरुवारी चढावर बंद पडली. मधले दोन दिवस ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे तीन नंबरच्या पिस्टनला भोक पडलं. हाच सिलिंडर जास्त तापतो, हे काय मला ठाऊक नव्हतं? इंजिन बंद पडलं, ब्रेक म्हातारे, गाडी मागे घरंगळली. मागे ट्रक होता. बाईंनी प्रसंगावधान राखून स्टेअरिंग फिरवलं आणि गाडीची मागची बाजू डोंगराच्या भिंतीला टेकवली. उजवं मनगट मोडलं. दुसऱ्या बाजूला दरी होती, एवढं लिहिलं की पुरे.

चार दिवसांनी त्या प्लास्टर घातलेल्या हाताने गॅरेजमध्ये आल्या. मी पाठमोरा बसून इंजिन खोलत होतो. बऱ्याच वेळाने कोणीतरी खांद्याला हात लावला म्हणून वळलो.

"तीन वेळा हाक मारली," त्या म्हणाल्या.

"कामात लक्ष होतं."

"तोंडासमोर बोललं की तुम्हाला सगळं कळतं. पाठीमागून बोललं की काही नाही. किती वर्षं असं आहे?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही मुलांच्या डॉक्टर."

"मुलंसुद्धा हेच करतात," त्या म्हणाल्या. "ऐकू येत नाही म्हणून सांगत नाहीत. व्रात्य म्हणवून घेतात, मार खातात, पण सांगत नाहीत."

रागावल्या असत्या तर मला बरं पडलं असतं. त्या स्टुलावर बसून राहिल्या आणि मला उत्तर द्यावं लागलं. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज मला दहा-अकरा वर्षं ऐकू येत नाहीत. त्यांना सांगितलं. नंतर घरी वहिनीला सांगितलं, ती म्हणाली, "मला माहीत आहे, मी टीव्हीचा आवाज सहन करत आलेय ना." आता तुला सांगतोय.

तुला सांगायचं म्हणजे पुढचंही सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वीचा तो टॅक्सीवाला आठवत असेलच. गाडी बाहेर काढताना तू म्हणालास, "दादा, बेअरिंग बोलतंय. आज देऊ नकोस." चार गिऱ्हाइकं उभी होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि ते चारचौघांत कळेल याची भीती वाटली. मी गाडी दिली. दोन दिवसांत इंजिन जाम झालं. टॅक्सीवाला भांडायला आला तेव्हा मी म्हणालो, "बेअरिंग धाकट्याने बसवलं होतं."

ते मी बसवलं होतं. तू तिथेच उभा होतास. माझ्याकडे बघितलंस, पान्हा टेबलावर ठेवलास आणि गेलास. त्यानंतर या भागात तुला कोणी कामाला ठेवलं नाही. मी लोकांना सांगत राहिलो की धाकटा तापट आहे, क्षुल्लक कारणावरून घर सोडून गेला. पुढे पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

इंजिन पुन्हा बांधतोय. नवा पिस्टन, नवा सिलिंडर. कानाचं यंत्रही आणलंय. त्यात माणसं नीट ऐकू येतात, पण इंजिन चालू केलं की नुसता गोंगाट. टायमिंग लावायला कोणीतरी शेजारी बसून ऐकायला हवं. ये म्हणायला मला तोंड नाही. गाडी आठ मार्चपर्यंत जुळेल.

दादा


११ मार्च

बारक्या,

सुखरूप पोचला असशील.

त्या दिवशी तू बसमधून उतरून सरळ गाडीपाशी गेलास, ते बरं केलंस. दारात उभं राहून काय बोलावं हे मी आठवडाभर ठरवत होतो आणि काहीच ठरलं नव्हतं.

चढावर तू "आला" म्हणायचास, मी गाडी कडेला घेऊन टायमिंग आणखी थोडं मागे घ्यायचो. चार वेळा. पाचव्यांदा तू शेवटच्या वळणापर्यंत गप्प बसलास. मी विचारलं, "काय?" तू म्हणालास, "काही नाही. साफ आहे." मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या, "मलाही काही ऐकू येत नाही," आणि आपण तिघंही हसलो. तुला हसताना मी बघितलं.

चहा न घेता गेलास. वहिनीला वाईट वाटलं, मला नाही. तू कामासाठी आलास, मला माफ करायला नव्हे, एवढं मला समजतं. इंजिनाचं बोलणं संपलं तेव्हा आपलंही संपलं.

काल टॅक्सीवाल्याकडे गेलो होतो. म्हातारा झालाय, गाडी आता जावई चालवतो. त्याला सांगितलं, बेअरिंग मी बसवलं होतं, धाकट्याने उलट मला अडवलं होतं. तो म्हणाला, "नऊ वर्षांनी कशाला सांगतोस? मी तर विसरलो होतो."

तो विसरला होता. तुझं इथलं सगळं गेलं आणि त्याला आठवतही नव्हतं. मी त्याला पुन्हा एकदा सांगितलं, जावयाला बाहेर बोलावून त्याच्यासमोर सांगितलं. मग स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो आणि काउंटरवर जेवढी माणसं होती तेवढ्यांना सांगितलं. एकाने विचारलं, "धाकटा आता कुठे असतो?" मी तुझा डेपो सांगितला, हुद्दाही सांगितला.

बाईंच्या मनगटाचं प्लास्टर महिनाअखेर निघेल. तोवर त्यांना दवाखान्यात मीच नेऊन आणणार आहे.

उत्तर लिहायची सक्ती नाही. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तुझ्या मुलीला तेवढे देतो.

तुझ्यावर खोटा आळ घेणारा,
तुझा भाऊ