फिकी बाही

१२ जानेवारी, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल. भावजींचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही दोघी ठीक. आईची भूक चांगली, झोप जेमतेम आणि कुरकूर नेहमीइतकी, म्हणजे तब्येत उत्तम. पडल्यापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही आणि आता जाणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. डोळ्यांचंही तसंच. कुणीतरी आलंय एवढं दिसतं, कोण ते दिसत नाही.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोन तिच्या उशाशी असतो आणि कान तिचे अजून तिखट आहेत. म्हणून हे लिहिणं.

पुढून उघडणारा, बाहीला नाड्या असलेला गाऊन तू शिवून पाठवणार होतीस, त्याबद्दल हे पत्र नाही. तुला कामं असतात, मला ठाऊक आहे. पण कपडे घालताना आई रोज कळवळायची. बाजारातले गाऊन सगळे डोक्यातून घालायचे. शिंपी म्हणाला, एका गाऊनसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. आणि आईचं आपलं एकच, "कशाला उगाच? ताई पाठवणारेय." शेवटी मीच शिवायला घेतला.

हसलीस ना? हॉस्पिटलात माझ्या वॉर्डातल्या बाकीच्या नर्सही हसल्या. दिवसभर माणसांना सुया टोचते आणि कापडाला टोचायला घाबरते, अशी तिथं माझी ख्याती आहे. त्यांना काय माहीत! तुला माहीत आहे. पाचवीत मी उशीचा अभ्रा शिवला होता. आईनं ब्लेड घेतलं, सगळी शिवण उसवली आणि स्वतः पुन्हा घातली. रागावली असती तर बरं झालं असतं. तुझं तिनं कधी उसवलं नाही. त्यानंतर मशीन तुझं आणि भांडी माझी, अशी वाटणी आपोआप झाली. भांडी उसवता येत नाहीत.

आमच्या इमारतीखाली एक काका गाड्यांची सीटकव्हरं शिवतात. त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "सिस्टरबाई, मला माणसाचं शिवता येत नाही. सीटचं येतं." मग आईची मापं ऐकून म्हणाले, "त्या बसूनच असतात ना? मग जमेल."

आधी त्यांनी मला दोऱ्याशिवाय मशीन चालवायला लावलं, जुन्या वर्तमानपत्रावर, छापलेल्या ओळींवरून. बातम्यांना भोकं पाडून झाली तेव्हा कुठं कापड हातात दिलं. त्यांच्याकडे उसवायची पद्धतच नाही. रेक्झिनला एकदा सुई लागली की भोक कायमचं, उसवत बसलं तर त्याची चाळण होते. म्हणून आधी दहादा मापायचं, खडूनं रेघ मारायची, कडांना चिमटे लावायचे आणि मग एकदाच शिवायचं.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"तर चुकलं. लोक त्याच्यावर बसतात, बघत कोण बसतंय!"

हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं की तिथंच रडू आलं. काकांना वाटलं, बोटात सुई गेली.

तरी व्हायचं ते झालंच. दोन्ही बाह्या मी कापडाची सुलट बाजू वर ठेवून एकाच साच्यावर कापल्या. दोन्ही निघाल्या डाव्या हाताच्या! कापड संपलेलं. मी कपाळाला हात लावला, काका मात्र खुशीत. त्यांनी एक बाही उलटी करून ठेवली, ती उजवी झाली. त्या बाहीवरची छापील फुलं तेवढी फिकी दिसतात. मी ती तशीच जोडली आणि खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी ठेवून नाड्या लावल्या.

परवा आईला घातला. हात न उचलता अंगात गेला. ती खाटेवर बसली आणि बोटांनी शिवण चाचपू लागली, गळ्यापासून खाली, सावकाश. ताई, मी पन्नाशीला आलेली बाई, कितीही रक्त बघितलं तरी हलत नाही, आणि भिंतीला टेकून उभी होते.

मग ती म्हणाली, "आलं होय पार्सल? काय हात आहे पोरीचा! ताईची शिवण कुठंही ओळखू येते."

"हो," मी म्हटलं.

का हो म्हटलं? माझं नाव सांगितलं असतं तर तिची बोटं पुन्हा वरपासून सुरू झाली असती, आणि या खेपेला चूक शोधत. इतकं साधं आहे ते. आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. जन्मात पहिल्यांदा तिनं माझ्या शिवणीला नावं ठेवली नाहीत. आणि राग इतका आला की तिच्या चहात साखर घालायची विसरले. तुझा नव्हे. थोडा तुझाही.

रविवारी ती तुला फोन करणार आहे, शाबासकी द्यायला. मी लिहायला बसले ते याचसाठी, की तू हो म्हणावंस, "आवडला ना?" असं विचारावंस आणि विषय मिटवावास. तिचे दिवस किती उरलेत, तेवढंच तिला समाधान, असं एक वाक्यही मनात तयार होतं. ते आता लिहीत नाही. मला ते खरं वाटत नाही.

मशीन चालवणं त्यामानानं सोपं निघालं. गाऊन मी शिवला, एवढं एक तोंडानं सांगणं मला परवापासून जमलेलं नाही.

तेव्हा तू हो म्हणू नकोस. "मी नाही शिवला, आई," एवढंच म्हण आणि फोन ठेव. मग ती विचारेल, कुणी शिवला. मी तिच्या खाटेवरच बसलेली असेन.

भावजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी,
आईची दुसरी मुलगी