पडायला शिकवणारी शाळा

प्रिय मावशी,

दादा फोन तुझ्या कानाशी नेतो, तू तोंड फिरवतेस आणि तो बिचारा मला सांगतो, "आई झोपलीय गं." भर सकाळी! तुझा दिवसा डोळा लागलेला मी आजवर पाहिलेला नाही, त्यामुळे ही थाप मला पटेल असं समजू नकोस. म्हणून पत्र लिहितेय. दादाला सांगून ठेवलंय, तिचा चष्मा शोधून दे आणि तू खोलीबाहेर जा. तेव्हा आता मुकाट्याने वाच.

मी हॉस्पिटल सोडलं तेव्हा तू एकच प्रश्न विचारला होतास, "मग आता करणार काय?" बाकी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, तू तेवढी रागावली नाहीस. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता आहे, आणि चांगलं घसघशीत आहे. फक्त ते पहिल्यापासून सांगायला हवं, कारण नोकरी का सोडली हे मी तुला धड सांगितलंच नव्हतं. "पटत नव्हतं" एवढंच म्हणाले होते.

आमच्या वॉर्डाच्या दाराशी, लिफ्टसमोर, एक मोठी फ्रेम लावलेली होती. वर्षभरात एकही रुग्ण पडला नाही, असं प्रमाणपत्र. येणारेजाणारे कौतुकाने वाचायचे. मला मात्र ते कसं मिळालं हे ठाऊक होतं. आमच्याकडे सगळी वयस्कर माणसं. कुणाला न्यूमोनिया, कुणाला लघवीचा त्रास, कुणाचं औषध कमीजास्त झालेलं. आली की पलंगाचे दोन्ही कठडे वर, डायपर बांधलेला, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पाय जमिनीला लावायचा नाही. जो उठतच नाही तो पडणार कुठून? यात कुणाचा दुष्टपणा नव्हता बरं का. अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघी जणी. एकीने एकाला हात धरून फिरवायचं ठरवलं तर दुसरीची तारांबळ. पण माणसं आमच्याकडे चालत येत आणि स्ट्रेचरवरून घरी जात. कागदोपत्री मात्र सगळी ठणठणीत.

एक ड्रायव्हरकाका होते. जन्मभर बस चालवलेले, आवाज असा की पलीकडच्या खोलीतल्याने वळून बघावं. ताप उतरल्यावर मला म्हणाले, "सिस्टर, मला फक्त संडासला जायचंय, चंद्रावर नाही." मी कठडा खाली केला, त्यांना आधार दिला आणि नेलं. परत येताना ते खिडकीशी थांबले, खालच्या चौकातली वाहनांची कोंडी बघून एका बसवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि खुशीत पलंगावर येऊन बसले. इतकं निरोगी दृश्य त्या वॉर्डात मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुख. इस्त्री मोडणार नाही अशा बेताने खुर्चीत बसणाऱ्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते पडले असते तर?" मी म्हटलं, पडले नाहीत. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मी पुन्हा तेच. मग त्यांनी इतकंच सांगितलं, की यापुढे कठडा खाली आला तर लेखी समज मिळेल. काकांचा पलंग नर्सच्या टेबलासमोर हलवला, म्हणजे नजर राहील. पुढे त्यांचा ताप उलटला, मुक्काम लांबला आणि मांड्या बघता बघता वाळल्या. सुटी मिळाली त्या दिवशी त्यांना उभं करायला दोघे लागले, तरी गुडघे थरथरत होते. आवाजही गेलेला. स्ट्रेचर लिफ्टमध्ये शिरताना त्यांच्या सुनेने माझे दोन्ही हात धरले. "किती सांभाळलंत तुम्ही त्यांना!" म्हणाली. मावशी, कुणी कानाखाली वाजवली असती तरी इतकं लागलं नसतं. त्या आठवड्यात मी राजीनामा दिला.

मग सुरू झाली माझी वणवण. पहिल्यांदा घरी जाऊन सेवा देणाऱ्या एका संस्थेत गेले. वाटलं, घर म्हटल्यावर माणसाला उठवता-बसवता येईल. पहिल्याच घरी मी आजोबांना अंगणात नेलं, तर संस्थेतून फोन: तुमचं काम शेजारी बसण्याचं आहे, नसते उद्योग करू नका. मग नर्सिंग कॉलेजात शिकवायला अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, पलंगावरच्या रुग्णाची चादर कशी बदलाल? मी म्हटलं, आधी त्याला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवीन. त्यांना ते उत्तर नको होतं. एका विमा कंपनीत फोनवर बसून सल्ला देण्याचीही नोकरी होती. तिथे तीन दिवस टिकले. कानाला तो हेडफोन लावून "आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" म्हणताना मला हसू यायला लागलं आणि पलीकडचा माणूस भडकला.

शेवटी एका शाळेत नर्स म्हणून लागले. घरी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. खरचटलेले गुडघे, गणिताच्या तासाला हमखास दुखणारी पोटं, आणि एक स्वच्छ पांढरी खोली. छान होतं, नाही म्हणत नाही. पण दुपारी मुलं वर्गात गेली की त्या खोलीत माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वॉर्डाची खिडकी यायची, आणि मी उगाच कापसाचे बोळे करत बसायचे.

शाळेच्या मागे जिम्नॅस्टिक्सचा हॉल आहे. उंच छत, जमिनीभर जाड निळ्या गाद्या, मध्ये ते दोन समांतर लाकडी दांडे. एकदा पट्टी बांधायला गेले तर सर नव्या मुलांना शिकवत होते. उडी नाही, कोलांटी नाही. पडणं! कसं सैल पडायचं, हात कुठे ठेवायचा, आधी कुशीवर कसं वळायचं, मग गुडघा, मग उभं. मी विचारलं, हे कशासाठी? सर म्हणाले, "इथे पहिल्या दिवशी पडायलाच शिकवतो. ज्याला पडल्यावर उठता येतं, त्याची भीती जाते. भीती गेली की पडणं आपोआप कमी होतं."

मी तिथेच गादीवर बसले. मोठ्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. पडले असते तर? उठले असते!

सरांना आयुष्यात कुणी इतकं पिडलं नसेल. दुपारी हॉल रिकामा असतो, तो मला द्या, आणि तुम्हीही या. सर आधी हसले, मग घाबरले, मग म्हणाले, "पण त्यांची हाडं?" मी म्हटलं, हाडांचं मी बघते, उठण्याचं तुम्ही बघा. मुख्याध्यापकांनी महिनाभराची परवानगी दिली. मी प्रत्येकाला त्याच्या डॉक्टरांचा होकार आणायला लावला, आणि पहिला फोन ड्रायव्हरकाकांच्या सुनेला केला.

काका चाकाच्या खुर्चीतून आले, मान खाली. गणिताच्या एक निवृत्त बाई आल्या, काठी आपटत. आणखी पाचसहा जण. ते लाकडी दांडे सरांनी कमरेइतके खाली आणले आणि त्यांच्या मधून चालणं सुरू झालं. एक पाऊल, थांबा, श्वास. महिना संपायच्या आत काका दांडे धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागले आणि त्यांचा आवाजही परत आला. "मागचे जरा सरका, गाडी वळतेय!" असं ओरडत ते वळायचे.

आणि मग गणिताच्या बाई पडल्या. हॉलमध्ये नाही, फाटकाजवळच्या पायरीवर, घरी जाताना. मनगट मोडलं. मुख्याध्यापकांनी त्याच संध्याकाळी हॉलला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, "चूक तुमची नाही, पण शाळेला हे परवडणार नाही." मावशी, त्या दिवशी मी खरंच हरले. नवरा म्हणाला, पांढरी खोली आहे ना, गप्प बसून राहा. मला त्याचं पटायलाही लागलं होतं.

आठवड्याने बाई आल्या. हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात काठी, तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत. मी मागे धावले. त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "हात मोडलाय, पाय नाही. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले तेव्हा शेजारी दार फोडून येईपर्यंत तशीच पडून होते. या वेळी कुशीवर वळले, गुडघ्यावर आले, उठले आणि स्वतः रिक्षा बोलावली. हे यांनी शिकवलं. आता ते कुलूप काढा, माझा तास बुडतोय." मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि शिपायाला किल्ली आणायला सांगितली. फाटकाच्या पायरीला कठडाही लावून दिला.

गेल्या महिन्यात शाळेचा जिम्नॅस्टिक्सचा वार्षिक कार्यक्रम झाला. सरांनी आम्हाला न विचारता यादीत आमचंही नाव घातलं. मुलांच्या कोलांट्याउड्या झाल्यावर आमची माणसं आली. हॉल गच्च भरलेला. करायचं एवढंच होतं: गादीच्या मध्यापर्यंत चालत जायचं, खाली बसायचं, आडवं व्हायचं आणि कुणाच्याही हाताशिवाय उभं राहायचं. सगळे उठले. गणिताच्या बाई तर एका हाताने उठल्या. शेवटी काका. ते आडवे झाले आणि हलेचनात. सर पुढे निघाले, मी त्यांची बाही धरून ठेवली. मग काका हळूच कुशीवर वळले. गुडघा घेतला. पाय थरथरला, पुन्हा टेकला. आणि ते उभे राहिले, ताठ, आणि गरजले, "चला, पुढच्या स्टॉपला कोण उतरणार?" छत उडेल असा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांची सून पहिल्या रांगेत हमसून हमसून रडत होती आणि हसतही होती. मी? मी तर शिट्टी वाजवली, मावशी. या वयात, युनिफॉर्मवर!

मागच्या रांगेत मोठ्या बाई बसल्या होत्या. काकांनीच आमंत्रण पाठवलं होतं म्हणे. गर्दी पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि वाकून त्यांनी निळी गादी हाताने दाबून पाहिली. मग त्यांनी सांगितलं, की नव्या नव्या लागल्या होत्या तेव्हा त्यांनी एका आजींना असंच चालवायला नेलं होतं. आजी पडल्या आणि त्यातच गेल्या. चौकशी चालली, महिनोन्महिने. "त्यानंतर मी एकही कठडा खाली येऊ दिला नाही," म्हणाल्या. इतकी वर्षं त्या भीतीला त्यांनी इस्त्री करून ठेवलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी त्यांचा हात धरून त्यांना गादीवर बसवलं.

त्यांनी मला परत बोलावलं. वॉर्डाची प्रमुख म्हणून, माझ्या अटींवर. तीन दिवस मी विचार केला आणि नाही म्हटलं. मी म्हटलं, मला वॉर्डात नेण्यापेक्षा वॉर्ड माझ्याकडे पाठवा. आणि त्यांनी पाठवला! येत्या महिन्यापासून त्यांच्या नर्सेसच्या तुकड्या आमच्या हॉलमध्ये शिकायला येणार आहेत. तिकडे वॉर्डात दोघी जणी वाढवल्यात आणि पलंगाशेजारी खुर्च्याही आल्यात. ती फ्रेम उतरवली का, हे मी विचारलं नाही. सुटी होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आता आमचा पत्ता लिहून देतात. शाळा आणि हॉस्पिटल मिळून मला नेमणूक देताहेत. हुद्द्याचं नाव काय ठेवायचं यावर अजून भांडण चाललंय. सर म्हणतात, "उठवणाऱ्या बाई."

तर हे माझं उत्तर. आता पत्राचं खरं कारण. दादाने मला सगळं सांगितलंय. पडून मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं, टाके सुकले, डॉक्टर रोज म्हणतात उभ्या राहा, आणि तू म्हणतेस, "आता उठून जायचंय कुठे?" मावशी, त्या वाक्याचं भाषांतर मला येतं. रोज ऐकते मी ते. त्याचा अर्थ, पुन्हा पडले तर. मी रविवारी येतेय, सर सोबत आहेत आणि गाडीत एक निळी गादी आहे. पण तुला रुग्ण म्हणून न्यायला येत नाहीये. त्या नर्सेसना मी चालवायला शिकवीन, सर पडायला शिकवतील. पण घाबरलेल्या माणसाशी बोलायचं कसं, त्याच्यावर रागावायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, हे तुझ्याइतकं आमच्यात कुणालाच येत नाही. नोकरी सोडली तेव्हा मी किती घाबरले होते, आणि तू न रागावता तो एकच प्रश्न विचारलास. म्हणून शिकवणाऱ्यांच्या यादीत तुला न विचारता तुझं नाव घातलंय आणि मोठ्या बाईंनी त्यावर सहीही केलीय. तुझ्यासाठी हॉलमध्ये हात टेकायला दांडे असलेली एक खुर्ची मांडलीय, दारापासून चांगली लांब. बसून शिकव, हवं तेवढं बस. फक्त त्या खुर्चीपर्यंत तुला चालत यावं लागेल.

तुझीच,
रविवारी दार वाजवणारी भाची