अहो, शू…

३ मार्च, सोमवार
पहाटे जाग आली ती एका आवाजानं. साठ वर्षांपूर्वीच्या. चौथीचा वर्ग, चाळीस पोरं एका सुरात नदीची कविता म्हणताहेत, आणि दारातून गुरुजींचा लांबलचक ‘शूऽऽ’. चाळीस गळे एकदम बंद. पुढची ओळ ओठांवर तशीच अडकलेली.

आजपासून रोज लिहायचं. नियमितपणा हा माझा मूळ स्वभाव. (आधीची नोंद मागच्या ऑगस्टची. मधे वही सापडत नव्हती.)

ही लेकीकडे जाऊन आज बारा दिवस झाले. लेकीच्या गावात मोठं हॉस्पिटल आहे. उजव्या किडनीत गाठ, आणि ती पसरलीय असं लेक म्हणते. मी त्याला हवापालट म्हणतो. निघताना ही ‘येते’ म्हणाली. ‘जाते’ नाही. ज्याला भाषा कळते त्याला एवढं पुरे.

रविवारी भेटायला जायचं. नक्की. बसनं तीनच तास.

४ मार्च, मंगळवार
कामावर. रिटायर झालो तरी प्रयोगशाळेनं मला ठेवून घेतलंय, कारण उंदरांना माझी सवय आहे. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या, वजनं. या उंदरांना किडनीचा कॅन्सर दिलेला आहे. आज बाईंना गाठून विचारलंच. बाई म्हणजे शास्त्रज्ञ, वयानं माझ्या लेकीएवढ्या. म्हटलं, शरीरात एवढे पहारेकरी असताना गाठ वाढतेच कशी?

त्या म्हणाल्या, “काका, पहारेकरी मेलेले नसतात. गाठ त्यांना गप्प करते. ती आपल्या बाजूच्या पेशी बोलावून घेते. त्या पहारेकऱ्यांचं खाणं फस्त करतात, वर सांगतात, सगळं ठीक आहे, बसा निवांत. बिचारे गाठीला टेकून बसलेले असतात. हात उचलत नाहीत.”

म्हटलं, म्हणजे आमच्या गुरुजींचा ‘शू’. बाई हसल्या. अगदी तसंच, म्हणाल्या.

उपाय मला तिथल्या तिथे सुचला. गप्प झालेल्या वर्गाला पुन्हा गायला लावायचं! इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही याचं नवल वाटतं.

७ मार्च, शुक्रवार
प्रयोग सुरू. चौदा नंबरचा उंदीर निवडला. चेहऱ्यावरूनच रसिक. भुसा बदलताना नदीची कविता, दोन्ही कडवी, चालीवर. त्यानं कान हलवले. पंधरा नंबरनं कोपऱ्यात तोंड खुपसलं. अरसिक.

९ मार्च, रविवार
गेलो नाही. स्टँडपर्यंत गेलो होतो. चपलेचा अंगठा तुटला.
लेकीचा फोन. बाबा, आई विचारतेय. म्हटलं, उंदरांची वजनं होती. रविवारी वजनं नसतात, पण हे तिला कुठे ठाऊक.

१२ मार्च, बुधवार
चौदा नंबर अर्ध्या ग्रॅमनं वाढला! पोट मऊ. बाकीच्यांना वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते, याला काही म्हणजे काही लागत नाही. बाईंना इतक्यात सांगायचं नाही. पुरावा भक्कम होऊ दे.

लेकीला मात्र फोन केला. म्हटलं, आईला सांग, औषध सापडलं. लेकीनं फोनच ठेवून दिला. आनंदानं असणार.

१६ मार्च, रविवार
गेलो नाही. सर्दी. आजारी माणसाजवळ सर्दी घेऊन जाणं बरं नव्हे. दुपारी सर्दी गेली, पण तोवर बसही गेली होती.

संध्याकाळी लेकीचा फोन. रडत होती, आणि रडता रडता भांडत होती. म्हणाली, आईनं सगळ्यात आधी तुम्हालाच सांगितलं होतं, गेल्या वर्षी, बाथरूमच्या दारात. तुम्ही पाठ फिरवलीत.

मला आठवतं ते असं. मी टॉवेल खांद्यावर टाकून कविता म्हणत होतो. ही बाथरूममधून बाहेर आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “अहो, शू…” मला! माझ्याच घरात! मी गप्प झालो तो चार दिवस बोललो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

लेक म्हणते, पुढचे शब्द होते ‘लाल होतेय’.

मग पाच महिने तिनं विषयच काढला नाही.

वाक्य पुरं करायला हवं होतं तिनं. कर्ता, कर्म, क्रियापद. एवढं तर चौथीत शिकवतात.

१७ मार्च, सोमवार
विशेष काही नाही. चौदा नंबरला कविता म्हटली नाही. घसा बसलाय.

२० मार्च, गुरुवार
बाईंना अखेर सगळं सांगितलं. कविता, वजन, मऊ पोट. त्यांनी नोंदवही उघडली, पाहिली, मिटली. मला खुर्ची दिली.

“काका, चौदाला गाठ दिलीच नव्हती. तो तुलनेसाठी ठेवलाय. धडधाकट आहे तो.”

आणि पंधरा, मी विचारलं.

“पंधरा सकाळीच गेला. पिंजरा तुम्हीच नाही का धुतलात?”

धुतला होता. नंबर वाचला नव्हता.

मग हळूच म्हणाल्या, “काका, घरी कुणी आजारी आहे का?” मी म्हटलं, नाही हो. हवापालट.

२२ मार्च, शनिवार
उद्या सकाळी सहाची बस. चप्पल शिवून आणली. सर्दी नाही. कारण एकही शिल्लक नाही. काय बोलायचं ते कागदावर लिहून खिशात ठेवलंय. पूर्ण वाक्यांत.

२३ मार्च, रविवार, सकाळी ९
सहाची सोडली. इतक्या सकाळी कुणाच्या दारात जाणं बरं दिसत नाही. दहाची धरावी. बेल वाजतेय. पेपरवाला असेल.

दुपारी ४
पेपरवाला नव्हता. ही होती.

लेकीच्या खांद्यावर भार टाकून उभी. लेकीचाच स्वेटर, दोनदा गुंडाळता येईल एवढा सैल. लेक म्हणाली, डॉक्टरांनी औषधं थांबवली, आई म्हणाली, आता घरी चल. ही म्हणाली, “म्हटलं होतं ना, येते.”

मी खिसे चाचपले. कागद काढला, उघडला, वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात ही दबक्या आवाजात म्हणाली, “अहो, शू…”

मी गप्प झालो. कागद हातात, दार अडवून उभा.

“बाबा, सरका ना,” लेक ओरडली, “तीन तास बसमध्ये होती ती!”

सरकलो. बाथरूमपर्यंत मीच नेलं. हाताला वजनच लागेना. दाराबाहेर उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, “आहात ना?”

आहे, म्हटलं.

“मग गप्प का? म्हणा की ती तुमची नदीची.”

साठ वर्षं तोंडपाठ असलेली कविता. पहिली ओळच आठवेना.