परग्रहावरचे हात

४ फेब्रुवारी, बुधवार

अंड्यांचे बारा ट्रे भिंतीला ठोकले, चंदेरी रंग मारला, आणि पुढची खोली अंतराळयान झाली! भाची ऑफिसातून आली ती दारातच थबकली.

"मावशी, आता आपण राहायचं कुठे?"

"स्वयंपाकघरात."

ती आणि तिचे ऑफिसातले मित्र मिळून अर्ध्या तासाची फिल्म करताहेत. शूटिंग फक्त रविवारी, आणि विकत काही आणायचं नाही. त्यामुळे सामान करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं. बंदूक म्हणजे आमचा बंद पडलेला हेअर ड्रायर. एकतीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या केल्या, त्यापुढे यान म्हणजे काहीच नाही.

६ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

लॅब सोडली तेव्हा सगळ्यांना सांगितलं की नजर अधू झाली. नजर ठणठणीत आहे. हात कापतात. मेणाचा दात कोरताना सुरी थरथरायला लागली. आधी अधूनमधून, मग रोज.

ताईचंही हातापासूनच सुरू झालं होतं. मग पावलं अडखळायला लागली. मग चेहरा मुखवट्यासारखा झाला. सहा वर्षं मी तिचं सगळं केलं. भाचीनं आपल्या आईचे ते दिवस पाहिलेत. पोरीला पुन्हा तेच दाखवायचं? म्हणून कपात अर्धाच चहा घेते. ती समोर असली तर निवू देते, उठून गेली की पिते.

झाकणं चिकटवताना मात्र बरं वाटतं. एखादं वाकडं बसलं तर भाची म्हणते, "जुनं यान आहे गं, ठोकरा खाल्लेलं."

१० फेब्रुवारी

परग्रहवाल्याचे हात झाले. भांडी घासायचे रबरी हातमोजे घेतले, त्यावर टिश्यू पेपरचे तुकडे गोंदानं चिकटवले. वाळल्यावर अशा सुरकुत्या पडल्या की मीच दचकले! नखं प्लास्टिकच्या चमच्यांची, टोकाकडून कापलेली. वर शेवाळी रंग.

१५ फेब्रुवारी, रविवार

नको ते झालं.

परग्रहवाला होणार होता त्यांचा कॅशियर. तो तापानं पडला. कॅप्टन झालेला तो उंच मुलगा म्हणाला, "मावशींनाच घालू दे की! नाहीतरी हातच दिसणार आहेत." काय सबब सांगणार? वाटलं, मोज्यात झाकलं जाईल.

काम एवढंच — हात टेबलावर ठेवायचा, मग निळ्या पाण्याचा पेला उचलून कॅप्टनला द्यायचा. उचलला मात्र, हात लटलट कापायला लागला. पाणी टेबलभर.

"काय अभिनय! भीती दाखवावी तर अशी!" कॅप्टन ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भाचीनं नाही वाजवल्या. कॅमेऱ्यामागून नुसती माझ्याकडे बघत राहिली.

१६ फेब्रुवारी

भाचीनं चहा केला. माझा कप अर्धाच भरला.

१९ फेब्रुवारी

आज जेवताना भाचीनं ताट बाजूला सारलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मावशी, आईच्या वेळी मी अकरावीत होते. कुक्कुलं बाळ नव्हते."

मग कबूल केलं. दहा महिने झाले.

"आणि मला कधी सांगणार होतीस? पडल्यावर?"

म्हटलं, तुला परत तेच करायला लावायचं नव्हतं.

"तू आईचं केलंस, तेव्हा तिनं तुला विचारलं होतं?"

ताई तर उलट मला हाकलायची — जा, तुझी लॅब बघ. मी गेले नाही. आम्ही दोघी गार जेवण जेवलो. भांडी तिनं घासली. घासता घासता म्हणाली, "डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतलीय." विचारलं नाही मला. सांगितलं!

२४ फेब्रुवारी

उद्या. बोटांवरचे गोंदाचे डाग घासून काढले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी चालायला लावलं, बोटं नाचवायला लावली, गोल काढून घेतले. भाचीनं मोबाइलवर त्या रविवारचं शूटिंग दाखवलं. बाईंनी ते दोनदा पाहिलं. "टेबलावर हात शांत आहे. उचलला की कापतो. बहिणीचा कसा होता?"

आणि आठवलं! ताईचा हात मांडीवर असला की कापायचा. चमचा उचलला की थांबायचा. सहा वर्षं तो हात माझ्या हातात होता, आणि मला हे सुचू नये?

बाई म्हणाल्या, हा तो आजार नाही. हात कापत राहतील, गोळीनं थोडे कमी. पण पावलं नाहीत. चेहरा नाही.

भाची बसस्टॉपवर भर लोकांत रडली. दोन बस गेल्या. आम्ही तिथेच.