मोजले तेव्हा अकराच होते

२ एप्रिल, पहाटे
फुटबॉल टीमचा हेड कोच झालो! आधीच्याला हाकलला, सीझनचे उरलेले सामने माझ्याकडे. चेअरमन म्हणाले, टीम या डिव्हिजनमध्ये टिकली तर तुम्हाला कायम करू, नाहीतर नमस्कार. मी नुसता हसलो. माझा न बघता दिलेला पास लोक अजून आठवतात.
संकल्प: 'आमच्या वेळी' म्हणायचं नाही. आरडाओरडा बंद. गुडघ्याला रोज बर्फ.

३ एप्रिल
'आमच्या वेळी' निघालं तोंडातून, पण उदाहरणादाखल.
पोरांना न बघता पास करून दाखवला. मान डावीकडे, बॉल उजवीकडे. बॉल थेट कुंपणाला. असिस्टंट कोच विचारतो, सर, तिथे कोण असायला हवं होतं? मुका, असं पटकन बोलून गेलो.
मुका म्हणजे माझा मिडफिल्डमधला जोडीदार. बॉलसाठी कधी हाक मारायचा नाही, म्हणून मुका. गरजच नव्हती. मी मारला की तो तिथे असायचाच. डोकं माझं, पाय त्याचे, अशी आमची वाटणी. दोन वर्षांपूर्वी हार्टने गेला.
बर्फ राहिला.

९ एप्रिल
हरलो. वारा उलटा होता. हाफटाइमला बाजू बदलल्या, तरी उलटाच.
आणखी एक. उजवीकडे मुका दिसला. तोच ढगळ शर्ट, मोजे घसरलेले, कमरेवर हात. ऊन फार होतं. डोळे तपासून घ्यायला हवेत.

११ एप्रिल
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. हल्ली डॉक्टर नीट बघतच नाहीत.

१७ एप्रिल
जिंकलो! मुका पुन्हा होता. घाबरलो वगैरे नाही. घशाला कोरड पडली ती पाणी कमी प्यायल्यामुळे.
जेवताना बायकोने विचारलं, तुमच्या उजवीकडची खुर्ची रोज ओढून का ठेवता? म्हटलं, वारा येतो. ती म्हणाली, खुर्चीतून? बायकांना प्रत्येक गोष्टीत खोड काढायची असते.

२४ एप्रिल
ड्रॉ. आता शेवटच्या सामन्यातही ड्रॉ झाला तरी आपण टिकलो. चेअरमन स्वतःहून हात मिळवून गेले. कोचच्या केबिनसाठी पडदे बघून ठेवावेत म्हणतो.

३० एप्रिल, संध्याकाळी
लिहायची इच्छा नाही, पण नोंद हवी.
शून्य-शून्य चालू होतं. आमचा आठ नंबर लंगडत बाहेर आला. बदली खेळाडू शर्ट खोचून तयार. मी मैदानावर नजर टाकली, तर उजवीकडची जागा भरलेली. मुका उभा. मोजले, अकरा. बदलीला म्हटलं, बस खाली. असिस्टंट म्हणाला, सर, आपण दहाच आहोत. म्हटलं, नीट मोज. त्याने बोट नाचवत मोजले, दहा. मी मोजले, अकरा. त्याचं गणित कच्चं आहे.
हरलो. गोल उजवीकडूनच खाल्ला. त्यांचा विंगर मुक्याच्या अंगातून आरपार गेला आणि मुका जागचा हलला नाही. असं तो कधीच करायचा नाही.

२ मे
नमस्कार झाला.
चेअरमनने व्हिडिओ दाखवला. उजवीकडे नुसतं गवत. मी म्हटलं, कॅमेऱ्याचा अँगल चुकलाय.

३ मे
मुक्याच्या घरी गेलो. वहिनींना विचारलं, तो माझ्याबद्दल कधी बोलायचा का? वहिनी हसल्या. म्हणाल्या, मैदानात मुके, पण घरी आले की तोंडाचा पट्टा सुरू. म्हणायचे, त्याचा पास कुठे जाणार ते त्यालाही ठाऊक नसतं, त्याचा पाय उचलला की मी आपला पळत सुटतो. लोक त्याला वा म्हणतात तर म्हणू देत, दोस्त आहे.
चहा तसाच ठेवून निघालो. त्याची फार आठवण आली.

४ मे, सकाळी
रिकाम्या मैदानावर गेलो. बॉल ठेवला. मान डावीकडे, पास उजवीकडे. पावलांचा आवाज येईल म्हणून थांबलो. मग वळून बघितलं, आयुष्यात पहिल्यांदाच. मुका नव्हता. बॉल कुंपणापाशी जाऊन थांबला होता.
गुडघा ठणकत होता. चालत जाऊन मीच आणला.