ताटावर आडवा हात

घोटावडे, रविवार संध्याकाळ

परदेशात लेकीकडे होते, तेव्हा तिच्याबरोबर तिथल्या चर्चमध्ये गरिबांना फुकट जेवण वाढायला गेले होते. सवयीनं एकाला न विचारताच आणखी भात वाढायला गेले, तर त्यानं ताटावर हात आडवा धरला. तिथं असं आपल्यासारखं कोण करतं? वर बघितलं, तर शेजारच्या सुमनचा संदीप, तिकडे शिकायला गेलेला. "आईला सांगू नका, काकू," एवढंच म्हणाला.

आज सुमननं जेवायला बोलावलं. सांगू कसं तिला? ताटातला भात नुसताच कालवत बसले. ती भात घेऊन आली, तसा मी ताटावर हात आडवा धरला. सुमन हसली.

"आमचा संदीपबी असाच. पोट न्हाई भरलं तरी हात आडवा धरतोय. मी ऐकतच न्हाई, वाढते."

तिथं मी मात्र त्याचं ऐकलं होतं.