पुढच्या पायाची चार बोटं

२ सप्टेंबर

चिचुंद्री! उंदीर नव्हेच. सकाळी पाण्याच्या टाकीमागे भिंतीला घासून पळाली आणि कुंडीपाशी थबकली तेव्हा नीट दिसली — लांब निमुळतं, सतत हलणारं नाक, मोहरीएवढे डोळे, बुडाशी जाड शेपूट. तो उग्र वासही आला. किडे, झुरळं खाऊन जगणारा जीव. आणि आमच्या रांगेतली घरं मागच्या बागेत विष टाकायला निघालीत. वर त्याला 'औषध' म्हणतात. कुणाचा आजार बरा होणार आहे त्याने?

ताईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "झालं. आता त्या चिचुंद्रीवर भाषण ठोक."

ठोकणारच आहे.

४ सप्टेंबर

बैठक झाली. बागेतच, सगळे उभ्याने. टेलरमास्तर सर्वांत घाबरलेले. त्यांचं घर बागेला लागून, लेक तान्ह्या बाळाला घेऊन आलेली, आणि बाळ खिडकीखालीच निजतं. "बाई, माझं कुठल्या जनावराशी वाकडं नाही. पण खुडबुड ऐकली की उठून बाळाला उचलून घेतो हो."

मग मी बोलले. छान बोलले, खोटं कशाला लिहू. "ज्याला आपण ओळखतही नाही त्याला मारायला निघालेल्या माणसाने आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत." आणि शेवटी — "या बागेत उंदीर नाही, हे मी जबाबदारीने सांगते." टाळ्या. विषाचा बेत रद्द. टेलरमास्तरांनी मागून आणलेला पिंजराही परत देऊन टाकला.

परतताना ताई म्हणाली, "एक चिचुंद्री दिसली आणि तू अख्ख्या बागेची हमी दिलीस?"

मी म्हटलं, हमी अभ्यासावर दिलीय.

"अभ्यास कधी केलास? माझी मेथी निवडून व्हायच्या आत?"

झोंबलं.

५ सप्टेंबर

तर अभ्यास. कपाटातली प्राण्यांची सगळी पुस्तकं जमिनीवर काढली. चिचुंद्रीच्या पुढच्या पायाला पाच बोटं, उंदराच्या पुढच्या पायाला चारच उमटतात. मागच्या पायाला दोघांनाही पाच. म्हणजे पाहायचा तो पुढचा पंजा. चहाचे दोन जुने ट्रे घेतले, चाळलेली माती ओली करून थापली. एक टाकीमागे, एक टेलरमास्तरांच्या खिडकीखाली.

६ सप्टेंबर

टाकीमागे पाच! छापल्यासारखी. ताईला हात धरून नेलं. "आहेत गं पाच. जेवायला चल आता."

खिडकीखालचा ट्रे कोरा.

८ सप्टेंबर

खिडकीखाली चार.

भिंग लावून पाहिलं. चार. शेजारी मागचा पंजा, त्याला पाच. पुन्हा पुढचा — चार. माती सुकली असेल, एखादं बोट उमटलं नसेल. एका पंजाचं नसेल. सगळ्याच पंजांचं?

मी हात फिरवला आणि माती सपाट केली. ताईने विचारलं, काय निघालं? म्हटलं, अजून काही नाही.

९ सप्टेंबर

लिहवत नाही.

१० सप्टेंबर

आज पुन्हा चार. खिडकीच्या लाकडावर दातांच्या ताज्या खुणाही. चिचुंद्री लाकूड कुरतडत नाही. संपलं.

विषाला माझा विरोध होता, आहे, राहील. पण त्यासाठी उंदीर नाहीत असं म्हणायची काय गरज होती? पिंजरे लावा, खिडक्यांना जाळी मारा, खरकटं उघड्यावर टाकू नका — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याला टाळ्या पडल्या नसत्या, इतकंच. जन्मभर व्यासपीठावरून ओरडत आले की खुर्चीवर बसलेल्यांच्या तोंडून चुकीची कबुली निघत नाही. मला तर खुर्चीही नाही.

ताईला सांगितलं. ती रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "आत्ता जा. चहा नंतर घे."

गेले. टेलरमास्तर मशीनवर. बाळ खिडकीखाली झोपलेलं, उकडतं म्हणून खिडकी सताड उघडी. म्हटलं, "मास्तर, एखादा उंदीर असेलही बरं का. खिडकी लावत जा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हसले. "बाई, परीक्षा घेताय होय आमची? ज्याला आपण ओळखतही नाही त्याला मारायला निघालेल्या माणसाने..." अख्खं वाक्य पाठ! लेकीला म्हणाले, "बघ, माझे डोळे तपासायला आल्यात." तीही हसली. मग मला म्हणाले, "आता सळसळलं तरी हिला सांगतो, भिऊ नकोस, आपली चिचुंद्री आहे."

मी 'एखादा' म्हणाले. 'असेलही' म्हणाले. असले शब्द मी कधी वापरत नाही, नेमके आज वापरले. 'मी चुकले' मात्र ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

घरी येऊन ठरवलं — उद्या संध्याकाळी सगळ्यांना बागेत बोलवायचं आणि उभं राहून सरळ सांगायचं.

ताई म्हणाली, "सगळ्यांना कशाला? खिडकी एकाचीच आहे."

११ सप्टेंबर

पहाटे बाळाच्या पायाचा अंगठा रक्तबंबाळ. टेलरमास्तर बाळाचे कपडे न्यायला दवाखान्यातून घरी आले, वाटेत मला धीर द्यायला थांबले. मला! "काळजी करू नका बाई. डॉक्टरांनी विचारलं, उंदीर चावला का? मी छातीठोक सांगितलं, चिचुंद्री. आमच्या बाईंनी तपासलंय."

तशीच त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांना मीच सांगितलं, उंदीर आहे. मला तीन दिवसांपासून माहीत होतं.

लेकीने बाळ माझ्या बाजूच्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.